खाऱ्या पाण्यातलं जनावर

आमच्या घरमालकांच्या हॉलमध्ये समुद्र होता आणि आमच्या नळाला पाणी नव्हतं. सणसवाडीत उन्हाळ्यात टँकर यायचा, बाया भांडी घेऊन पळायच्या, आणि नेमक्या त्याच वेळी आप्पा वरच्या खिडकीत उभे राहून काचेच्या टाकीतल्या पाण्याचा खारटपणा मोजत असायचे. मोजायचं यंत्र छोट्या दुर्बिणीसारखं होतं. त्यावर पाण्याचा थेंब टाकायचा आणि एक डोळा मिटून उजेडाकडे बघायचं. खाली आमची भांडणं जुंपलेली असायची. "आप्पा, टँकरवाला आपल्या खोल्या सोडून पुढं चाललाय," असं कुणी वर ओरडलं, तर ते डोळा न काढता म्हणायचे, "थांबा जरा. हितं मीठ वाढलंय."

आता त्यांचा विषय निघाला की आमचे हे पोट धरून हसतात. सगळेच हसतात. मला हसू येत नाही. त्या घरात मी जे पाहिलं ते आठवलं की अजून डोकं तापतं, आणि ते तापावंच असं मला वाटतं.

आप्पांची जमीन कंपन्यांच्या पट्ट्यात गेली होती. ज्यांची गेली त्यांतल्या कुणी मोठ्या गाड्या घेतल्या, कुणी गळ्यात बोटाएवढ्या जाड साखळ्या घातल्या, कुणी ग्रामपंचायतीला उभं राहिलं. आप्पांनी उरलेल्या तुकड्यावर भाड्याच्या खोल्या काढल्या, त्यावर स्वतःचं घर बांधलं आणि बैल विकले. बैल गेले त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं मावशी सांगायच्या. मावशी म्हणजे त्यांची बायको. आम्ही झाडून सगळे भाडेकरू त्यांना मावशीच म्हणायचो. पुढे दक्षिणेकडचा कुणी साहेब त्यांच्याकडे राहायला आला. त्याची बदली झाली तेव्हा त्याला टाकी नेता येईना, म्हणून ती आप्पांना देऊन तो निघून गेला. टाकीत दोन नारिंगी मासे, थोडे दगड, आणि एका दगडाला चिकटलेलं एक समुद्रफूल. आप्पांची रिकामी दावण भरली.

पण फूल म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "फूल न्हाई. जनावर हाय ते," असं ते प्रत्येकाला सुनवायचे, आणि त्यात ते बरोबरही होते. त्याचं बूड दगडाला घट्ट चिकटलेलं असे. वर तपकिरी-हिरव्या बोटांचा झुपका, प्रत्येक बोटाच्या टोकाला फुगीर गाठ. दिवा लागला की ते हळूहळू फुगून भाकरीएवढं व्हायचं आणि दिवा बंद झाला की मिटून मुठीएवढं. ते नारिंगी मासे त्या बोटांत जाऊन लोळायचे. दुसरा कुठला मासा गेला तर ती बोटं त्याला डसून गिळतात, ह्यांना मात्र काही करत नाहीत. मधोमध एकच तोंड. खायचंही त्यानंच आणि घाण टाकायचीही त्यानंच. हे सांगताना आप्पांना फार आनंद व्हायचा. "आपल्या पुढाऱ्यांवानी," म्हणायचे.

एकदा असाच एक पुढारी मतं मागायला आला. बरोबर पाच-पंचवीस पोरं, गळ्यात उपरणी, सगळे चपला घालून थेट हॉलमध्ये. पुढाऱ्यानं टाकीच्या काचेवर अंगठीनं टकटक केली आणि विचारलं, "काय आप्पा, ह्याचं कालवण करत्यात का?" जनावर झटक्यात मिटलं. आप्पांनी शांतपणे टाकीजवळची बादली उचलली आणि त्या माणसाच्या पायावर ओतली. खारट पाणी होतं. "आता घरी जाऊन पाय धुवा," म्हणाले, "आन् काचंला हात लावायचा कसा ते शिकून या." पुढारी निवडून आला आणि आमच्या गल्लीचा रस्ता पुढची सगळी वर्षं तसाच राहिला. त्या वेळी मात्र आम्हाला आप्पांचा अभिमान वाटला होता. भाडेकरूंना कुणीतरी कुणालातरी बोलल्याचं सुख लागतं.

त्यांचे नियम सगळ्या इमारतीला लागू होते. खोलीत भाड्यानं यायचं तर मच्छर अगरबत्ती लावायची नाही, जिन्यात फिनेल टाकायचं नाही, दारात फटाके नाहीत. टाकीचा पंप हवा आत ओढतो, मग हवेत जे असेल ते पाण्यात जातं, असं त्यांचं म्हणणं. मावशींचं देवघर पूर्वी हॉलमध्ये होतं. उदबत्तीच्या धुरापायी ते मागच्या पडवीत गेलं, धुण्याच्या दगडाशेजारी. मावशींनी एकेक देव उचलून तिकडे नेला. देव म्हणे कुठंही बसतात.

गुरुवारी आमच्याकडे वीज बंद. त्या दिवशी आप्पांच्या अंगात यायचं. इन्व्हर्टर टाकीला जोडलेला, पंखे सगळे बंद, आणि उन्हाळा असेल तर गोठवलेल्या बाटल्या पाण्यात तरंगायला सोडलेल्या. त्या बाटल्यांसाठी मावशींचा फ्रीज कायम भरलेला. मावशींना भाज्या ठेवायच्या तर त्या आमच्या फ्रीजमध्ये आणून द्याव्या लागत. "ठिव गं पोरी, माझी मेथी तुझ्याकडं," म्हणत त्या यायच्या, आणि मग बसायच्या थोडा वेळ.

जनावराला कोळंबीचा तुकडा चिमट्यानं भरवायचा असे. ज्या दिवशी भरवायचं त्या दिवशी त्यानं गिळल्याशिवाय आप्पा जेवायचे नाहीत. "जनावराला टाकल्याबिगर मालकानं घास घेऊ न्हाई," हे त्यांनी बैलांपासून जपलेलं वाक्य. बैल निदान पटकन खातात. हे जनावर कधी तुकडा घ्यायचं, तोंडाशी नेऊन तासभर विचार करायचं, आणि पुन्हा बाहेर टाकायचं. मग दुसरा तुकडा. आप्पांनी खाल्ल्याशिवाय मावशी खायच्या नाहीत. म्हणजे त्या घरातली पंगत कोळंबीपासून सुरू व्हायची आणि मावशींपाशी संपायची, तोवर भाकरीचं कातडं झालेलं असायचं.

आप्पांचं सगळ्यात आवडतं बोलणं मात्र वेगळं होतं, आणि ते बोलताना त्यांचा आवाजच बदलायचा. ते म्हणायचे, "ह्याला जागा दाखवायची न्हाई. ते सोता फिरतं, बघतं, उजेड बघतं, पाण्याची वढ बघतं. पटली जागा की पाय रोवतं. माणसानं मधी हात घालायचा न्हाई. तुम्ही उचलून दुसरीकडं ठिवलं तर पाय फाटतो त्याचा, मरतं." एकदा ते दगडाच्या मागच्या बाजूला जाऊन बसलं, तर ह्यांनी जनावराला नाही, सोफा हलवला. पाहुणे आले की सगळे भिंतीकडे तोंड करून चहा प्यायचे. कुणी हसलं की आप्पा म्हणायचे, "त्याची मर्जी. आपुन कोण?"

ऐकणाऱ्याला वाटावं, केवढा समजूतदार माणूस. आणि ह्याच समजूतदार माणसाची एकुलती एक लेक दौंडला राहत होती, तिचं नाव त्या घरात काढायची चोरी होती. तिनं काय केलं होतं? कॉलेजातला एक मुलगा पसंत केला होता. मुलगा सरळ, रेल्वेत नोकरी, फक्त "आपल्यातला न्हाई." तिनं आपल्या मनानं लग्न केलं आणि आप्पांनी तिच्यासाठी दार लावलं. मी एकदा न राहवून मावशींना म्हटलं, "मावशी, त्या जनावराला जेवढी मोकळीक आहे तेवढी पोरीला का नाही?" मावशी मेथी निवडत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "त्येला समाज न्हाई ना पोरी."

त्या पोरीला दिवस गेले आणि मावशींना बळ आलं. इतकी वर्षं देवघर हललं, फ्रीज गेला, भाकरी वाळली, तेव्हा गप्प बसलेली बाई ह्या एका गोष्टीवर मात्र अडून बसली. पहिलं बाळंतपण माहेरीच. मावशींचं स्वतःचं माहेर निमोण्याचं. त्यांचं बाळंतपण तिथंच झालेलं. "माझ्या आईनं सव्वा महिना बाजंखाली शेगडी ठिवली व्हती," त्या सांगायच्या. "ओवा, वावडिंग, लसणाची सालं. धुरी घिऊन घिऊन मी आन् पोर दोघी वल्या मातीवानी मऊ झालो. आन् माझ्या पोरीनं काय, सासूच्या हातचं पाणी घ्यायचं? लोकं म्हणतील, हिला आई हाय का न्हाई?" त्यांनी गुपचूप तयारी सुरू केली. डिंक, खारीक, बाळंतशेपा, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी. सामान अर्थातच आमच्या खोलीत, पलंगाखाली.

आप्पांपुढे विषय निघाला तेव्हा मी तिथं होते. भाज्यांची पिशवी परत द्यायला गेले होते. मला वाटलं आता ते समाज काढतील, मान काढतील. त्यांनी टाकी काढली.

"धुरी म्हंजी मराण," ते म्हणाले. "पंप हवा आत वढतो."

"मागच्या पडवीत करू. दार लावून घिऊ," मावशी म्हणाल्या.

"पोर रडणार. लोकं येणार. दिवा मधीच चालू, मधीच बंद. जमायचं न्हाई."

"अवो, तुमची नात नाहीतर नातू यायचाय."

आप्पा टाकीकडे बघत राहिले. त्याच सुमाराला त्यांनी पुण्याहून नवा, जास्त उजेडाचा दिवा आणून लावला होता. तो काही जनावराला मानवला नव्हता. इतकी वर्षं बसलेली जागा सोडून ते काचेवर सरकत निघालं होतं, दिवसाला बोट-दोन बोटं. पाणी ढवळणाऱ्या पंख्यात अडकून चिंध्या होऊ नयेत म्हणून आप्पांनी पंख्याला जाळी बांधली होती. शेवटी ते म्हणाले, "आत्ता ते भटाकतंय. जाग्यावर बसू दे. मग आण तुझ्या पोरीला."

मावशींना हा होकार वाटला. मला तो नकारच वाटला, पण मी बोलून काय करणार? पोरीला पुन्हा घरात घ्यायला लाज वाटते, हे कबूल करायचीही ह्या माणसाला लाज वाटत होती. म्हणून त्यानं स्वतःचा निर्णय एका मुक्या जिवाच्या गळ्यात बांधला. असली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्याकडे टाकी नसते एवढंच.

त्या दिवसापासून मावशी सकाळी उठून आधी टाकीपाशी जायच्या, मग देवघरात. लेकीला फोनवर सांगायच्या, "अजून बसलं न्हाई गं. आज डावीकडं सरकलंय." एकदा फोनचा आवाज मोठा होता, म्हणून तिचं उत्तर मला ऐकू आलं. "आई, त्याला बसायलापण नऊ महिने लागत्यात का?" मावशी हसल्या. फोन ठेवल्यावर डोळे पुसले.

मग आप्पांना चिकनगुन्या झाला. सांधे धरले, पलंगावरून उठता येईना. टाकीतलं पाणी रोज थोडं हवेत उडून जातं. मीठ मात्र उडत नाही, ते मागे राहतं. म्हणून रोज तेवढं शुद्ध गोडं पाणी वरून घालावं लागतं. इतके दिवस ह्या कामाला आप्पांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. आता पलंगावरून ओरडून सांगायचे, "आरोचंच टाक. नळाचं टाकू नगं." आणि मावशी आरओचंच टाकायच्या. फक्त ते पाणी त्या आदल्या दिवशी तांब्याच्या हंड्यात भरून ठेवायच्या. घरात जे काही चांगलं पाणी, ते हंड्यातच राहायचं. आप्पा प्यायचे तेही तेच. "आरोचं पानी मेलेलं आसतं पोरी," मला म्हणाल्या, "रातभर तांब्यात ठिवलं की त्यात जीव येतो." पिंडीवर धार सोडावी तसं त्या ते हळूहळू टाकीत सोडायच्या आणि सोडून झालं की हात जोडायच्या. "बस बाबा," म्हणायच्या, "बस आता एका जाग्याला. माझी पोर अवघडलीया." माझ्यासमोरची गोष्ट आहे. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. आमच्याही घरात पाणी तांब्यातच असायचं.

जनावर बसलं नाही. आधी त्याची बोटं आखडली. मग दिवा लावला तरी ते फुगेना. कोळंबी घेईना. तोंड उघडं पडलं आणि त्यातून काळपट दोरे लोंबायला लागले. मासे त्याच्याजवळ जाईनासे झाले. मावशींनी घाबरून पाणी आणखी मन लावून घातलं.

ज्या सकाळी ते काचेवरून सुटून पालथं तरंगलं, त्या सकाळी आप्पा भिंत धरधरून हॉलमध्ये आले. वास सुटला होता. मावशी नेमक्या हंड्यातून तांब्या भरून घेत होत्या. आप्पांनी हंड्याकडे पाहिलं आणि जे ओरडले, ते ऐकून आम्ही खालून सगळे वर धावलो.

"तांबं? तांबं घातलंस व्हय गं त्याला?"

मावशींना कळेना. "आरोचंच हाय की."

"इख हाय त्याला तांबं! तांब्याच्या वासानं मरतं ते! मारलंस! जित्तं मारलंस माझं जनावर!"

"इख?" मावशी खरंच गोंधळल्या. हातातल्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "अवो, आपुन त्येच पितो."

पुढं आप्पा जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बैल विकायला लावले ते हिनं, पोर बिघडवली ती हिनं, आणि आता हे. त्यांच्या आयुष्यातलं सगळं गेलेलं त्या एका हंड्यात आणून टाकलं त्यांनी. बाई खाली मान घालून उभी. मला वाटलं एखाद्या वेळी तरी म्हणेल, की अहो, ते बसावं म्हणून सगळ्यात चांगलं पाणी घातलं मी. तसं ती म्हणाली नाही. आप्पांनी दोन्ही हातांनी ते जनावर काढलं, टाकीतल्याच पाण्यासकट बादलीत ठेवलं आणि बादली घेऊन दारात, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. चहा नाही, जेवण नाही.

दुपारी एक गाडी येऊन थांबली. दौंडचा जावई. लग्नानंतर ह्या दारात पहिल्यांदाच. हातात मिठाईचा खोका, अंगातला शर्ट आदल्या दिवसाचा, चेहऱ्यावर जागरण. अर्ध्या जिन्यापर्यंत येऊन तो थांबला, कारण वर सासरे बसले होते.

"आप्पा, नमस्कार," तो म्हणाला. "सकाळपासून फोन करतोय, कुणी उचलत नाही, म्हणून आलो. दिवस भरायच्या आधीच... मुलगी झाली. दोघी चांगल्या आहेत."

आप्पांनी त्याच्याकडे न बघता सांगितलं, "आज न्हाई. घरात मयत झालीया."

पोराचा चेहरा पांढरा पडला. त्यानं आधी चपला काढल्या. एक हात कठड्याला धरून, दबक्या आवाजात विचारलं, "आई...?"

मावशी आतून दारात आल्या. त्यांना उभं बघून त्याच्या जिवात जीव आला, आणि मग तो आणखीच गोंधळला. "मग कोण गेलं?"

आप्पांनी पायानं बादली थोडी पुढे सरकवली. त्यानं वाकून पाहिलं. त्या बिचाऱ्याला काय कळणार? बादलीत एक विरघळलेला चिखलासारखा गोळा होता. तरी त्यानं मान खाली घातली. संस्कार म्हणायचे ते हे. मग त्यानं खोका दोन्ही हातांनी पुढे केला. "बर्फी आहे. नातीची."

"दावणीचं जनावर गेलं तर घरात गोड करत न्हाईत," आप्पा म्हणाले. "घिऊन जा."

मी त्या जिन्यात उभी होते. आयुष्यात कुणाला मारावंसं मला फार वेळा वाटलेलं नाही. तेव्हा वाटलं.

मावशी आप्पांच्या बाजूनं निघून दोन पायऱ्या उतरल्या. जावयाच्या हातातला खोका घेतला, दोरा तोडला, एक वडी उचलली आणि तिथंच, नवऱ्यासमोर, उभ्यानं तोंडात घातली. आधी नवऱ्याला दिल्याशिवाय ती बाई काही खाते, हे मी पहिल्यांदा पाहत होते. मग एक वडी माझ्या हातावर ठेवली. "खा गं. नात झाली मला." स्वतःची वडी त्यांनी पुरती खाल्ली.

"पोरी, पलंगाखालचं काढ," त्या मला म्हणाल्या. मी आणि जावयानं सामान गाडीत भरलं. डिंक, खारीक, दुपटी, शेवटी शेगडी. मावशींनी लुगडंही बदललं नाही. आप्पा बादली घेऊन आमच्या मागून खाली आले होते, एकेक पायरी बसत बसत. दुखत असणार. कुणी हात दिला नाही.

"माशांना कोण टाकणार?" त्यांनी विचारलं.

मावशींनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं असावं. सव्वा महिन्यासाठी म्हणून त्या गेल्या. पुढे वर्ष-दीड वर्षानं आम्ही ती खोली सोडली, तेव्हाही आप्पा वर एकटेच होते. हॉटेलचा डबा यायचा. टाकीत नवं जनावर आलं होतं, आणि चौकशी करणाऱ्याला ते सांगायचे की बायको लेकीकडं गेलीया, यील.

त्या दिवशी गाडीत बसताना मावशींनी जावयाला विचारलं, "कुणावर गेलीया पोर?"

जावई भोळा माणूस. त्याला वाटलं, निघताना काहीतरी चांगलं बोलावं. "सगळे म्हणतायत, अगदी आप्पांवर गेलीय. कपाळ, नाक, सगळं त्यांचंच."

आप्पांनी मान वर केली. दिवसभरात पहिल्यांदा ते कुणाकडे तरी नीट बघत होते. तोंड उघडून काहीतरी बोलणारही होते.

मावशींनी गाडीचं दार ओढून घेतलं.

"बारकी पोरं बदलत्यात," त्या म्हणाल्या. "चला."